मुक्या माईकवाल्याची मुलाखत

दगडाला बोलतं करणारा माणूस पुण्यात एकच, आणि तो मी! हे मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत छाती काढून सांगितलं, तेव्हा सेक्रेटरी सत्यशीलाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दगडाचं राहू द्या आबा. आपण गप्प बसलात तरी पुष्कळ आहे."

यामागे इतिहास आहे. कोजागिरीला मी माईकवरून एक साधा अनुभव सांगितला होता. पर्वतीवर मला बिबट्या भेटला आणि मी कान धरून त्याला पंचवीस उठाबशा काढायला लावल्या, एवढंच! त्यावर संघाने ठराव केला: आबांना यापुढे माईक देऊ नये. अहो, एक जादा उठाबशी सांगितली नव्हती मी!

माईकवाचून माझी अवस्था फोडणीवाचून वरणासारखी झाली. शेवटी वर्धापनदिनाच्या प्रकट मुलाखतीला कोणीच उभं राहीना, तेव्हा बाईंनी अट घातली. "प्रश्न एका वाक्याचा. स्वतःची हकीकत सुरू केलीत की माईक बंद, तोही कायमचा. मुलाखत रंगली तर दर महिन्याला आपणच घ्या."

आणि पाहुणा कोण? दिगंबरराव ताम्हाणे! सदाशिव पेठेतले साउंडवाले. पन्नास वर्षं हा गृहस्थ पुण्यातल्या प्रत्येक भाषणाला, बारशाला, शोकसभेला मशीनमागे बसला आणि उभ्या आयुष्यात बोलला काय? "हॅलो. हॅलो. माईक चेक."

नात तनया पॉडकास्ट का काय ते करते. तिने मला शिकवायला घेतलं.

"आबा, हो-नाहीवाले प्रश्न नकोत. कसं वाटलं, काय घडलं, असं विचारायचं. आणि गेस्ट थांबला की आपण पण थांबायचं. सायलेन्स होल्ड करा. समोरचा ऑकवर्ड होतो आणि बोलायला लागतो."

सरावासाठी मी मंडईत गेलो. लिंबंवाल्या सुंदराबाईंना विचारलं, "लिंबं विकताना आपल्याला कसं वाटतं?"

"घ्यायची नसली तर बाजूला व्हा. कसं वाटतं ते मागच्या गिऱ्हाइकाला विचारा."

मी ठरल्याप्रमाणे शांतता धरली. त्यांनी ती संमती धरली आणि चार डझन लिंबं माझ्या पिशवीत ओतली! आठवडाभर घरात चहासुद्धा आंबट लागत होता.

वर्धापनदिन उजाडला. सभागृहात दीडशे माणसं, त्यातली जागी किमान शंभर. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"दिगंबरराव, या व्यवसायात कसे आलात?"

"सायकलवर."

"पन्नास वर्षांत काय काय ऐकलंत?"

"सगळं."

"पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी मनात काय होतं?"

"वायर पुरेल का."

"वक्त्यांबद्दल काय सांगाल?"

"माईकजवळ येत नाहीत."

मग मी शांतता धरली. त्यांनीही धरली. आता शांततेत मी कालचा पोर आणि ते पन्नास वर्षं मुरलेलं लोणचं! माझ्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला, त्यांच्या मिशीचा केस हलेना. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची मिटल्याचा आवाज आला. बारा प्रश्न चार मिनिटांत संपले होते आणि उरला होता एक तास! सत्यशीलाबाई आभाराचा कागद घेऊन उठल्या. माझा माईक जन्मभरासाठी गेला, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं. थाप!

"ते सांगा ना, भर भाषणात वीज गेली तेव्हा तुम्ही रिक्षाच्या बॅटरीवर माईक चालवलात!"

दिगंबररावांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"रिक्षाची कोण म्हणालं? रिक्षाच्या बॅटरीवर आमचं मशीन खोकणारसुद्धा नाही! अँबॅसिडरची होती!"

माझी थाप चुकून अर्धी खरी निघाली होती! सभागृह जागं झालं. मला एकदम साक्षात्कार झाला. पुण्यात माणसाला प्रश्न विचारा, तो तुमच्याकडे नुसता बघेल. चुकीचं बोला, मग बघा, ताटावरून उठून दुरुस्त करायला येईल! आणि चुकीचं बोलण्यात माझा हात कोण धरणार?

"बॅटरी वक्त्यांच्या गाडीची," मी ठोकून दिलं.

"छे! शेजारच्या कार्यालयात लग्न होतं. नवरदेवाची सजवलेली गाडी बाहेर उभी. तिचीच काढली!"

"आणि वक्त्यांनी पाच मिनिटांत आवरलं."

"पाच? दोन तास बोलले!"

"अडीच!" तिसऱ्या रांगेतून एक आजोबा ओरडले. "मी होतो तिथे!"

लोक हसून खुर्च्यांवरून घसरायला लागले. मी शेवटचा दगड मारला. "नंतर नवरदेवाची गाडी झकास सुरू झाली."

"कुठली सुरू होतेय! ढकलत नेली वरात. झेंडूच्या माळांसकट!"

तेवढ्यात व्यासपीठावर कागद फाटल्याचा आवाज आला. आभाराचा कागद सत्यशीलाबाईंच्या हातात दोन तुकडे होऊन लोंबत होता.

"पांढरी अँबॅसिडर? एकोणीसशे ऐंशी? मे महिना?" बाईंनी एका दमात विचारलं. "आत शालू नेसून मी बसले होते!"

मी मनातल्या मनात माईकला शेवटचा नमस्कार केला. बाईंनी तो माझ्या हातातून ओढला आणि दिगंबररावांपुढे उभ्या राहिल्या.

"बॅटरी परत का नाही लावलीत?"

"लावली हो ताई." दिगंबरराव उठून उभे राहिले. "अंधारात... उलटी लावली."

पहिल्या रांगेत बाईंचे यजमान विश्वजीतराव ताडकन उठले आणि सभेला हात जोडून म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं ऐकतोय, भाड्याचा खटारा आणलात म्हणून! मंडळी, आज मी निर्दोष सुटलो!"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. आणि बाई हसल्या! संघाच्या इतिहासात पहिल्यांदा हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. टाळ्या एवढ्या वाजल्या की स्वारगेटच्या कबुतरांनी मुक्काम हडपसरला हलवला! दिगंबरराव पुढे दोन तास बोलायचे थांबले नाहीत, आणि मुलाखतीचं खातं बाईंनी तिथल्या तिथे माझ्या नावे जाहीर केलं.

मुलाखत स्मरणिकेसाठी लिहून काढली. तनयाने ती वाचली आणि म्हणाली, "आबा, मस्त! फक्त तुमचे प्रश्न काढून टाकू. एकही खरा नाहीये."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. घरी बायको वासंती वाटाणे सोलत बसली होती. तिला मी माझ्या शोधाचं पूर्ण शास्त्र समजावून सांगितलं: माणसाला बोलतं करायचं तर मुद्दाम चुकीचं बोलावं! तिने मूठभर वाटाणे भांड्यात टाकले. मी विजयी वीरासारखा पेपर उघडून बसलो.

"आज बुधवार ना हो?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"गुरुवार!" मी पेपर खाली आपटला. "बुधवार काल होता! काल पाणी उशिरा आलं, तो बुधवार! एवढंही लक्षात..."

"बघा," वासंती शेंग फोडत म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमची मुलाखत मी अशीच घेतेय. नाहीतर पेपरातून मान वर काढता का कधी?"

मी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. पण गुरुवारच होता हो!