पाण्याआधीचं मार्गदर्शन

एका जंगलात, मुलांनो, पाणी प्यायच्या आधी भाषण ऐकावं लागे.

हसू नका. तुमच्या शाळेत झेंडावंदनाला खाऊ मिळायच्या आधी काय काय होतं, ते आठवा.

उन्हाळ्यात त्या जंगलातले सगळे ओढे आटत. एकच डोह उरे. संध्याकाळी सगळी जनावरं तिथे जमत. मग बापू वानर दगडावर चढून प्रास्ताविक करी. त्यानंतर रणधीरराव गवे मार्गदर्शन करत. मग बापू पुन्हा चढून आभार मानी. आभार संपले, की पाणी. ही प्रथा कुणी सुरू केली, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ती फार थोर समजली जाई.

रणधीररावांचा विषय ठरलेला होता. 'आजची पिढी.' ते म्हणत, "आमच्या वेळचं पाणी जास्त ओलं असायचं." सगळे माना डोलावत.

माना डोलावता डोलावता अंधार पडे. मोठी जनावरं पुढे उभी असत, ती आधी पीत. छोट्यांची पाळी येईपर्यंत पलीकडच्या करवंदीच्या जाळीत बिबट्या येऊन बसलेला असे.

आता तुम्ही विचाराल, मग कुणी काही बोलत का नव्हतं? मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात.

चैत्राली मात्र बोलली. ती होती भेकर. भेकर म्हणजे एवढंसं हरीण, पण भुंकतं कुत्र्यासारखं. चैत्राली डोंगरापलीकडे एका घुबडीणबाईंकडे शिकून नुकतीच परतली होती. प्राणी एकटे असताना काय म्हणतात, चारचौघांत काय म्हणतात, आणि प्रत्यक्षात काय करतात, हा तिचा विषय. तिन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, एवढं ती शिकली होती.

आणि घरी येऊन बघते तो आई लंगडत होती. मागच्या उन्हाळ्यात आभारप्रदर्शन लांबलं, तेव्हा बिबट्याचा पंजा तिच्या मागच्या पायाला लागला होता. यंदा पळायची वेळ आली, तर आईला पळता येणार नव्हतं. चैत्रालीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "आजोबा, आधी पाणी पिऊ. मार्गदर्शन नंतर करा ना."

"पाणी प्यायल्यावर थांबेल कोण?" बापू पटकन बोलून गेला. मग खोकला.

रणधीरराव रागावले नाहीत. वडीलधारे रागवत नाहीत, त्यांना वाईट वाटतं. "बाळ, मी काय हौसेनं बोलतो? लोकांना हवं असतं. विचार कुणालाही."

"विचारूया की!"

"मी विचारतो," बापू म्हणाला.

बापूनं पाहणी केली. प्रश्न एकच होता. 'रणधीररावांचं मार्गदर्शन तुम्हाला आवडतं, की फार आवडतं?' प्रश्न विचारताना रणधीरराव शेजारी उभे होते. नुसते उभे होते हो. शिंगं मात्र त्यांना काढून ठेवता येत नव्हती.

सशाला फार आवडत होतं. साळिंदराला फारच आवडत होतं. चैत्रालीची आई म्हणाली, "फार म्हणजे काय, फारच," आणि दुखरा पाय हळूच उचलून धरला.

"आई!" घरी आल्यावर चैत्राली भुंकली. "तुला आवडतं ते?"

"मला नाही गं. पण बाकीच्यांना आवडतं ना. आपण कशाला वाईट व्हायचं?"

"बाकीच्यांना आवडतं, हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसत नाही का? माना डोलावतात की सगळे."

"तूही डोलावतेस!"

"मग? सगळे डोलावत असताना मी एकटी डोकं ताठ ठेवू?"

दुसऱ्या दिवशी चैत्रालीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "ही पाहणी खोटी आहे. प्रश्नातच उत्तर आहे, आणि उत्तर देणाऱ्याच्या कानाशी शिंगं आहेत. मी नव्यानं करते. अर्जुनाच्या झाडाला ती ढोली आहे ना? मार्गदर्शन हवं असेल त्यानं तिच्यात बोराची बी टाकायची. नको असेल त्यानं हिरडा. दुपारी, एकेकट्यानं यायचं. झाडाजवळ कुणी थांबायचं नाही. मीसुद्धा नाही."

"करू दे तिला," रणधीरराव बापूला म्हणाले. "शिकून आलीये. थोडे दिवस चालायचंच."

संध्याकाळी ढोली रिकामी केली. हिरड्यांचा ढीग पडला. हिरडेच हिरडे. त्यात बोराची बी मिळाली फक्त एक. ढोलीच्या काठावर ओरखडेही होते. साळिंदराचे काटे घासले असतील, असं चैत्रालीला वाटलं.

सगळे ढिगाकडे बघत राहिले. मग एकमेकांकडे बघत राहिले.

"शी!" ससा म्हणाला. "कोण हे कृतघ्न? मी तर बोरच टाकलं."

"ते एक बोर माझं," साळिंदर म्हणालं.

"माझं आहे," बापू म्हणाला.

एका बीला एवढे मालक मिळालेले जंगलात कुणी पाहिले नव्हते. चैत्रालीच्या आईनं मात्र मालकी सांगितली नाही. ती खाली मान घालून हिरड्यांकडे बघत होती. एवढे हिरडे? मग माना कुणाच्या डोलत होत्या?

रणधीररावांनी बी न्याहाळली, मग जिभेवर घेतली. "एक तरी जाणकार आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र थोडा उतरलेला होता.

आता प्रथा बंद व्हायला हवी होती, नाही का? पण बापूनं जन्मभर सभा चालवल्या होत्या. नको असलेल्या सत्याचं काय करायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याचा सत्कार करायचा.

"फार मोठं संशोधन झालं," तो दगडावरून म्हणाला. "उद्या चैत्रालीताईंचा सत्कार! आणि त्यांचंच मार्गदर्शन! विषय, 'मार्गदर्शन कुणालाच का नको आहे?'"

टाळ्या पडल्या. चैत्रालीला वाटलं, बरं झालं. दोन मिनिटांत सांगून टाकू आणि उद्यापासून सगळं बंद.

दुसऱ्या संध्याकाळी आधी प्रास्ताविक झालं. मग सत्कार झाला. तिच्या अंगावर पळसाची पानं पांघरली. मग ती दगडावर चढली.

"थोडक्यात सांगते," ती म्हणाली.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. दगडावरून जंगल जरा वेगळंच दिसतं, मुलांनो. खालचे सगळे आपल्यासाठीच जमलेत असं वाटतं. ते तहानेनं जमलेत हे वरून दिसत नाही.

तिनं प्रश्न कसा विचारावा ते सांगितलं. कसा विचारू नये ते सांगितलं. माना डोलल्या. मग तिनं घुबडीणबाईंची एक आठवण सांगितली. माना डोलल्या. मग ती म्हणाली, "खरं तर आधीच्या पिढीचा दोष काय आहे..." आणि तिचा आवाज असा काही लागला, की तिचा तिलाच आवडला.

सूर्य डोंगराआड गेला.

"शेवटचा मुद्दा," चैत्राली म्हणाली. "त्याचे तीन भाग आहेत."

तेवढ्यात सगळ्यांत मागे काहीतरी हललं. आई होती. लंगडत, गर्दीतून वाट काढत ती पुढे आली आणि दगडाला वळसा घालून थेट डोहाकडे निघाली.

"अहो वहिनी," बापू ओरडला, "आभारप्रदर्शन राहिलंय!"

"तुमचे आभार हो," आई म्हणाली. "मला तहान लागलीये."

"आई!" चैत्राली दगडावरून म्हणाली. "मी बोलतीये ना!"

"बोल की. छान बोलतेस. पण अंधार पडतोय, आणि पाय माझा दुखतोय."

रणधीररावांचं भाषण मोडायची हिंमत तिला कधी झाली नव्हती. पण पोटच्या पोरीचं भाषण मोडायला कसली हिंमत लागते?

आईनं पाण्याला तोंड लावलं. मग ससा गेला. मग साळिंदर गेलं. एकदा दोघंतिघं गेल्यावर न जाणारा वेडा दिसायला लागतो, म्हणून मग सगळेच गेले. दगडावर राहिली चैत्राली, अंगावर पळसाची पानं घेऊन. तिला आधी राग आला. मग तिनं आभाळाकडे पाहिलं. अजून उजेड होता. मग तिला भारी लाज वाटली. पानं झटकून ती खाली उतरली आणि आईशेजारी जाऊन पाणी पिऊ लागली.

बाजूला रणधीरराव घटाघटा पीत होते.

"काय तहान लागायची रोज," ते पुटपुटले. "पोरी, मीही हिरडाच टाकला होता."

"आजोबा! मग बोलायचं थांबला का नाहीत?"

"सगळ्यांना हवं असतं, असं वाटायचं ना मला."

चैत्राली थबकली. "मग ते एक बोर कुणी टाकलं?"

पोटभर पाणी पिऊन उजेडातच सगळे घरी गेले.

अंधार झाला, तेव्हा बिबट्या करवंदीच्या जाळीतून बाहेर आला. डोहाकाठी कुणी नव्हतं. तो रिकाम्या दगडाकडे बराच वेळ बघत बसला.

"हल्ली कुणाला मार्गदर्शनाची कदरच राहिली नाही," तो म्हणाला, आणि उपाशीपोटी निघून गेला.

तात्पर्य : आपलं मार्गदर्शन कुणालाच नको आहे, असं समजून वडीलधाऱ्यांनी खचून जाऊ नये. ते मनापासून आवडणारा एक तरी श्रोता कुठल्या तरी जाळीत बसलेला असतोच.