दिल्लीच्या अखत्यारीतला डबा

देवकाबाई ओसरीवर वांगी चिरत बसल्या होत्या, तेवढ्यात एक साहेब अंगणात येऊन उभे राहिले. हातात कातडी पिशवी, पायांत करकरणारे नवे बूट आणि नजर थेट खिडकीतून बाहेर गेलेल्या लोखंडी तारेवर.

"रेडिओ कुठं आहे?"

"रेडिओ नाई जी आमच्याकडं."

"मग ही एरियल कशाची?"

साहेबांचं नाव लक्ष्मणराव. रेडिओ ऐकायलाही सरकारी लायसन लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. बिनलायसनचे रेडिओ हुडकत लक्ष्मणराव वर्ध्याच्या आसपासची गावं पालथी घालायचे. पवनारजवळ धाम नदीच्या काठावरच्या या गावात ते सकाळपासून हिंडत होते, पण हाती काही लागलं नव्हतं. ते एसटीतून उतरताच गावातले सगळे रेडिओ कापसाच्या ढिगात गेले होते. घाईत एक बंद करायचा राहिला, आणि तो ढीग दुपारपर्यंत भजनं म्हणत होता. पण लक्ष्मणरावांना वाटलं, गाव धार्मिक आहे.

"हे एरियल नोय साहेब. हे राघू हाकलाची तार आहे," देवकाबाई म्हणाल्या.

तार खिडकीतून निघून कडुनिंबावरून, बाभळीवरून खाली भाजीच्या वाडीत जात होती. तिथं एका खांबावर रॉकेलचा रिकामा डबा टांगलेला, आत गोटे. इकडं तार खेचली की तिकडं डबा असा खडखडायचा, की नदीपलीकडच्या म्हशी दूध चोरायच्या.

इथवर सारं ठीक होतं. पण देवकाबाईंना अर्धवट सांगायची सवय नव्हती.

"अन् आमच्या बुढ्याले निरोपही जाते त्याच्यानं. एकडाव खेचली, का घराकडं पाहा. दोनडाव, जेवाले या. तीनडाव, साप निंघाला. अन् खेचतच राह्यलं, तर एसटी थांबवा."

लक्ष्मणराव ताठ झाले. "म्हणजे तारेवरून संदेश जातो?"

"बरोब्बर जाते. पाहाचं आहे?"

लक्ष्मणरावांनी खात्री करायला तार खेचली. एकदा. दोनदा. आणि मन भरलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.

थोड्याच वेळात देवकाबाईंचे यजमान नत्थूजी वाडीतून काठी घेऊन धावत आले. त्यांच्या मागं शेजारच्या वाडीतली तानाबाई फावडं उगारून.

"कुठं हाय? नाग का घोणस?" नत्थूजी ओरडले.

"साहेब हायेत!" देवकाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"साहेबाले चावला?"

"संदेश पोहोचला!" लक्ष्मणराव आनंदानं म्हणाले. "पुरावा मिळाला. बाई, हा गुन्हा आहे. इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे. तारेवरून संदेश धाडायचा हक्क फक्त दिल्लीच्या सरकारचा."

देवकाबाईंनी विळी बाजूला ठेवली. "अन् मी इथून हाक मारली त?"

"हाक चालते."

"हाक तारेनं मारली त?"

"मग दिल्ली."

"अन् नुसता राघू हाकलला त?"

"राघू..." लक्ष्मणराव अडखळले. "राघूला सांगितलेलं निरोपात धरत नाहीत."

"त्याले त बरोबर समजते जी, काऊन का तो उडून जाते."

तानाबाई फावड्यावर रेलली. "साहेब, मी कासरा खेचून बैलाले सांगतो, का डावीकडं वळ. तो बी निरोपच झाला न? मंग माह्यावाला बैल दिल्लीचा का?"

लक्ष्मणरावांनी बराच विचार केला. "बैल राज्य सरकारकडं येतात," ते शेवटी म्हणाले, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पिशवीतून पक्कड काढून त्यांनी तार तोडली.

तुटलेलं टोक अंगणात येऊन पडलं.

"साहेब," देवकाबाई हळूच म्हणाल्या, "माहे गुडघे गेले, ह्यायचे कान गेले. मधात हे तारच त होती."

लक्ष्मणरावांनी पक्कड पिशवीत ठेवली. माणूस वाईट नव्हता, पण कायदा पाठ होता. नत्थूजी खाली मान घालून वाडीत परतले.

साहेब वर्ध्याच्या कचेरीला कळवायला ग्रामपंचायतीत गेले. तिथला फोन पूर्ण कायदेशीर होता, फक्त पोळ्यापासून बंद होता. त्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. पंचनाम्याला पंच हुडकले, तर सारं गाव ऐनवेळी कापूस झाकायला गेलेलं. हिंडून हिंडून नव्या बुटांनी टाचा सोलल्या आणि ते लंगडत देवकाबाईंच्या अंगणात आले, तेव्हा उन्हं कलली होती.

"शेवटची एसटी कुठं थांबते?"

"थांबत नाई. वाडीच्या कडेनं निंघून जाते. मी डबा वाजोला, का आमचा बुढा लाल फडकं दाखवते, मंग चंद्रभान डायवर गाडी थांबवते." देवकाबाईंनी तोडलेल्या तारेकडं पाहिलं. "थांबवत होता."

दूर धुरळा दिसू लागला. लक्ष्मणराव ओसरीच्या काठावर उभे राहून ओरडले, "नत्थूजी! ओ नत्थूजी!" हाक कायदेशीर होती. नत्थूजी मात्र निवांत पालकाला पाणी देत होते.

"आता रात्री इथंच राहा जी," देवकाबाई म्हणाल्या. "वांग्याची भाजी आहे. कापसाच्या ढिगावर निजजा. तो ढीग रातभर गाणे म्हणते, तेवढं ऐकून घेजा."

लक्ष्मणरावांनी धुरळ्याकडं पाहिलं, टाचांकडं पाहिलं. मग पिशवीतून पक्कड काढली, तारेची दोन्ही टोकं जुळवली आणि असा पीळ दिला, की तार पहिल्यापेक्षा घट्ट झाली. त्यांनी ती खेचली, खेचली, खेचतच राहिले.

डबा कडाडला. लाल फडकं हललं. एसटी थांबली. साहेब बूट हातात घेऊन उतारावरून धावत सुटले.

"रिपोर्टात राघूच लिहितो!" ते दारात चढता चढता नत्थूजींच्या कानाशी ओरडले. "नुसते राघू!"

तेवढ्यात डबा एकदाच वाजला.

नत्थूजींनी घराकडं पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. ओसरीवर देवकाबाई उभ्या होत्या, हात उंच करून. हातात पक्कड होती.

"तुमची पक्कड राह्यली, साहेब," नत्थूजी म्हणाले. "आणू का?"

चंद्रभाननं हॉर्न वाजवला. लक्ष्मणरावांनी तारेकडं पाहिलं, मग पक्कडीकडं.

"राहू द्या तिथंच," ते म्हणाले. "पीळ कधी सैल झाला, तर लागेल."