बांधावरचं जांभूळ

रविवारच्या पुरवणीत सुमंतचा जांभळावरचा लेख छापून आला आणि सोमवारी सकाळीच कडेगावहून आकारामचा फोन वाजला. सुमंतला वाटलं, कौतुक असणार.

"गड्या, झाड कुणाच्या बाजूला हुतं, तेवढं येऊन सांग."

आकाराम आणि धुळा सख्खे भाऊ. सुमंतचे वडील त्यांच्या गावात शाळामास्तर होते. तिघे एकत्रच वाढले. लेख सुचेना, तेव्हा साताऱ्याच्या घरात सुमंतने नुसते डोळे मिटले आणि ते झाड आपणहून समोर येऊन उभं राहिलं. ओढ्याकडे वाकलेलं, खालची माती जांभळी, सावलीत पेंगणारी दुपार. त्याने ते तसंच उतरवलं. लेख वाचून दोघे भाऊ हरखले. मात्र झाड प्रत्येकाला आपल्याच रानात आठवलं. दुसरा ती जागा आपली म्हणतो, म्हणजे त्याने बांध सरकवला! एका रात्रीत एकमेकांच्या घरचा चहा बंद झाला, मोजणी आणायची भाषा सुरू झाली.

सुमंत पोचला तेव्हा दोघे बांधाच्या दोन बाजूंना उभे होते. झाडाचा आता मागमूसही नव्हता.

"हितं!" धुळाने उसाच्या सरीत पाय आपटला. "हितं झोपायचो मी. सावली अजून अंगाव हाय माज्या."

"सावली पडंल तिकडं. बुंधा माज्यात हुता. पडलो न्हवं का मी वरनं?" आकारामने विजार वर करून गुडघ्याचा वण दाखवला.

"पडलास ते माज्या रानात!"

"पर लागलं मला!"

"सुमंता, तू छापलंयस. तूच बोट दाखव."

सुमंतने पुन्हा डोळे मिटले. झाड लगेच आलं, पानं हलली, तुरट वाससुद्धा आला. बांध तेवढा येईना. आणि ज्या बाजूला बोट जाईल, तिच्या पलीकडचं घर त्याला कायमचं तुटणार होतं.

"झोपला काय रं ह्यो?"

तेवढ्यात भावांची आई मनुबाई भाकरी घेऊन आली.

"मास्तरांचा सुम्या न्हवं तू?"

"आये, ते ऱ्हाऊ दे. वाकल्यालं जांभूळ कुणाकडं हुतं?"

म्हातारी खुदकन हसली. "ते व्हय? ते माज्या म्हायारी, पलूसला. तुमी तिघं दुपारचं निजायचा न्हाई, म्हणून त्याची गोष्ट सांगत बसायची मी. फांदीपतूर येस्तवर तिघं बी गार!"

"आन हितं?"

"हितं बाभळ सुदीक न्हवती."

"मग सावली?" धुळाने विचारलं.

"पदर धरायची की."

उसावरून वारा गेला. तिघे रिकाम्या जागेकडे मान वर करून बघत राहिले, जांभूळ पडायची वाट बघावी तसे. मग बांधावर टेकत आकारामने गुडघा चोळला आणि हळूच विचारलं,

"मग मी पडलो कशावनं?"

धुळा शेजारी सरकून बसला.

"जांभळावनंच की. मी बगितलंय."