मार्थामावशीचा हुंकारा

मार्थामावशीच्या गोष्टीत कुणी उपाशी राहत नसे. दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकलं, तर मावशी आधी सिंहांना भाकरी घालायची. "पोट भरेल व्हतं म्हनीसन त्यास्नी त्याले खादं नही," एवढं सांगून मोकळी. योना माशाच्या पोटात गेला तोही फडक्यात भाकर आणि ठेचा बांधूनच. प्रलयाच्या वेळी नोहाच्या तारवात जनावरांच्या आधी कडबा चढायचा. असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठं लिहिलंय, म्हणून तिला विचारायची सोय नव्हती. "लिखनारा घाईमा व्हता," म्हणायची.

मी तेव्हा परकरातली पोर. राज्य इंग्रजांचं. नंदुरबारहून बैलगाडीनं जायचं अशा गावात आमचं लहानसं कौलारू चर्च. आत मोठ्यांची उपासना चाले आणि बाहेर लिंबाखाली, गोणपाटावर, आम्ही लहानगी मावशीच्या ताब्यात. तिला नवरा ना मूल. एक शेळी होती, ती रविवारी सोबत यायची. नोहाच्या गोष्टीच्या दिवशी कामी यायची.

मावशीची अट एकच, हुंकारा. आता आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं' म्हणायचंच असतं, ऐकतोय हे सांगणाऱ्याला कळावं म्हणून. पण मावशीचा कारभार कडक. एक हं चुकलं की गोष्ट जागच्या जागी थांबली. मोशे समुद्राच्या मधोमध, दोन्हीकडे पाण्याच्या भिंती, आणि मावशी विचारतेय, "कोन झोपनं? हुंकारा द्या, नै ते हाऊ मोशे आठेच भिजी." मग आम्ही सगळे इतक्या जोरात हं करायचो, की आतलं भजन चुकायचं.

अशात चर्चला नगरकडचे नवे पाळकसाहेब आले. शुद्ध बोलणं, इस्त्रीचा कोट. आल्या आल्या आमची परीक्षा घेतली.

"उधळा मुलगा घरी परत आला, तेव्हा बापानं काय केलं?"

मी उठून सांगितलं, "मांडे केले. खापरावरचे, पुरणाचे."

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. "बाई, शास्त्रात पुष्ट वासरू कापलंय."

"साहेब, पाटील आम्हले त्यासनी विहिरवर पानी भरू देतस. वासरू कापं म्हनीसन हाई पोरं गावभर सांगतीन. मंग पानी तुम्ही आनशात का?"

साहेब जरा खाकरले. "मांड्यांचं राहू द्या. पण हा गलका चालणार नाही. मुलांनी तोंडावर बोट ठेवून ऐकायचं. जमत नसेल तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे देतो."

मावशी शेळी घेऊन घरी गेली.

पुढच्या रविवारी उपासना लवकर आटोपून साहेब स्वतः लिंबाखाली येऊन उभे राहिले. आमची बोटं ओठांवर. मावशीनं सगळं उडवून डुकरं राखायची वेळ आलेल्या उधळ्या मुलाला डुकरांमधून उठवलं, गावाच्या शिवेपर्यंत आणलं आणि तिथंच थांबली. शेळीच्या रवंथाचा तेवढा आवाज.

"सांगा ना पुढं, बाई."

"पुढे जाता येत नै, साहेब."

"हुंकाऱ्यावाचून एवढं काय अडलं?"

मावशी माझ्या धाकट्या बहिणीची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठा दुष्काळ व्हता. धाकला भाऊ मन्हा पाठवर. त्यानी भूक इसरावा म्हनीसन मी चालता चालता गोठ सांगू, तो हं म्हने. तापी दिसाले लागनी, आनि त्यानं हं बंद पडनं." तिनं वेणीचा एक पेड घट्ट ओढला. "मी तरी गोठ सांगतच गऊ. पार नदीलोंग."

साहेबांनी टोपी काढली आणि इस्त्रीच्या कोटासकट आमच्यात गोणपाटावर मांडी घातली. शेळीनं कोटाची बाही हुंगून पाहिली.

मावशीनं वेणीला गाठ मारली. "तर तो पोऱ्या गावनी शिववर उना..."

"हं," असा एक जाडाभरडा, नगरी हुंकारा आला.

मग आम्हीही बोटं काढली. त्या रविवारीही बापानं मांडेच केले. साहेब त्यालाही हं म्हणाले.