मास्तर पाहाले आलो जी

लोक मुली पाहायला जातात, आमचे शेजारी बापूजी मास्तर पाहायला जात. बापूजी गेले त्याला महिना झाला, पण सायकलची घंटा वाजली की मला अजून तेच निघाल्यासारखे वाटतात.

ते एका शाळेचे हेडमास्तर. कोणी गणित चांगलं शिकवतो असं कानावर आलं, की काळी टोपी आणि धुतलेलं धोतर घालून ते त्याच्या दारात उभे. "मास्तर पाहाले आलो जी." पोहे होत. मग बापूजी त्याला अपूर्णांक शिकवायला सांगत आणि स्वतः ढ विद्यार्थी होत. "नाही समजलं, गुरुजी," असं कितीदा ऐकूनही जो चिडत नसे, तो पसंत.

मास्तरांना बापूजी आवडत, त्यांची शाळा मात्र नको असे. ती शहराबाहेर हिंगण्याकडे, मजुरांच्या वस्तीत. तिथली जागा मागितली की लगेच मिळे, कारण मागतच कोणी नसे. जरीपटक्याच्या एक सिंधी बाई तेवढ्या त्यांनी मिळवल्या होत्या. "सगळीकडचे पाहिजेत जी. नाहीतर पोराइले वाटते, मास्तर फक्त शहरातल्या महालातच पिकतात."

गणित बापूजी स्वतः शिकवत, आणि त्यात ते कच्चे होते. एका वर्षी सातवीची बहुतेक मुलं गणितात नापास झाली. काही शाळा सोडून कामाला लागली. "शहरातल्या पोराइले चांगले मास्तर, अन् माह्या पोराइनं काहून मले सोसायचं?" बापूजी म्हणाले.

त्यांची मुलगी कुमुद नुकतीच बी.एड. झाली होती, तीही गणित घेऊन. एकुलती एक, आईविना वाढलेली. सक्करदऱ्यात, घराजवळच्या शाळेत तिला जागा मिळत होती.

एका रविवारी बापूजी माझ्याकडे आले.

"माह्या शाळेसाठी कुमुदले तुम्ही विचारता का?"

"तुम्हीच विचारा की. घरातच तर आहे."

"बापानं विचारलं तर पोरगी नाही म्हणन का? तिले नाही म्हणता आलं पाहिजे जी."

कार्यक्रम माझ्या बैठकीत ठरला. बापूजी टोपी घालून खुर्चीच्या कडेला बसले. मी विचारलं. कुमुदनं उत्तर वडिलांनाच दिलं.

"रोज दोन बसा बदलाव्या लागतीन, बाबा. परत येईपर्यंत अंधार. तुम्हाले चालते?"

"मी मास्तर पाहाले आलो जी. मुलीचा बाप घरी हाये."

"त्याले काय वाटते?"

बापूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याले वाटते, पोरीनं घराजवळच राहावं."

कुमुद हसली. "मग त्याले सांगा, पोरगी हिंगण्याची जागा मागून राहिली."

ती आत चहा करायला गेली. बापूजी उठलेच नाहीत. हलक्या आवाजात मला म्हणाले, "अजून एकदा विचारा जी तिले. घाईत म्हटलं असन."