समाधानी घरांचे महर्षी

समाजाच्या मनात काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारले तर नको तितके कळते. या दुहेरी संकटातून शास्त्राला ज्यांनी सुखरूप बाहेर काढले, त्या आद्य सर्वेक्षकांना लोक महर्षी म्हणत. (ही पदवी त्यांनीच सुचवली होती. कोणी हरकत घेतली नाही, म्हणून ती सर्वानुमते.)

महर्षींच्या आधी सर्वेक्षण म्हणजे नुसता सावळा गोंधळ होता. दार वाजवावे, तर एकाच घरातून पाच उत्तरे यायची. सासू म्हणे सुखात आहोत, सून गप्प, आणि आजोबांना प्रश्नच ऐकू येत नसे. महर्षींनी यावर जालीम उपाय काढला. उत्तर फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाने, सर्वांच्या वतीने द्यायचे. तो नसेल तर 'घर बंद' लिहून पुढे जायचे, मग दार उघडून कोणी 'पाणी देऊ का' विचारत का असेना. या एका सुधारणेने समाधानी कुटुंबे एक्केचाळीस टक्क्यांवरून चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली. सरकारला जे इतकी वर्षे जमले नव्हते, ते महर्षींनी बसल्या जागी करून दाखवले. (उरलेल्या सहा टक्क्यांत बहुतेकांचे त्या दिवशी दात दुखत होते.)

महर्षींच्या स्वतःच्या घराचे उत्तर अर्थातच महर्षींनी दिले होते: पूर्ण समाधानी.

घरात त्यांची पत्नीही होती. ती शिवणकाम करी. तिच्या थोरल्या बहिणीने परगावी शिवणाचे दुकान काढले होते आणि ती हिला भागीदार म्हणून बोलावत होती.

"अहो, मला जरा बोलायचंय. इथं माझं मन लागत नाही हो."

"हे बघ, न विचारलेलं उत्तर शास्त्रात धरत नाहीत," महर्षी म्हणाले. "उद्या कोणीही उठून मनातलं बोलायला लागेल. मग टक्केवारीचं काय?"

"मग विचारा ना."

"घरच्या माणसाला विचारलं की पक्षपात होतो."

मग ती शेजारणीला म्हणाली, "एकदा कोणी नुसतं विचारलं ना, तरी राहीन गं मी."

आणि योग आलाच. नवे सर्वेक्षण निघाले, आणि महर्षींच्या दारी महर्षींच्याच हाताखाली शिकलेली सर्वेक्षक बाई आली. महर्षी सत्काराला गेले होते. पत्नीने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला आणि समोर बसली. किती वर्षांचे बोलणे ओठांवर येऊन थांबले होते.

"कर्ते आहेत का घरात?"

"मी आहे ना."

"ते दिसतंय हो. पण कर्ते?"

"ते सत्काराला गेलेत. मला विचारा की."

बाईंनी चहा संपवला, आले छान पडलेय म्हणाल्या, 'घर बंद' असे लिहिले आणि जाताना दार नीट ओढून घेतले.

संध्याकाळी महर्षी गळ्यात हार घालून परतले, तो दाराला कुलूप. शेजारणीने किल्ली हातात दिली. "बहिणीकडे गेली ती. परत यायची नाही म्हणाली. तिला एकदा विचारायला हवं होतंत तुम्ही."

महर्षींचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून शेजारणीलाही क्षणभर वाईट वाटले. मग त्यांना सकाळची नोंद कळली आणि चेहरा उजळला. घर बंद! जे संध्याकाळी घडले, ते त्यांच्या पद्धतीने सकाळीच टिपले होते. बाईंना लगेच बढती मिळाली. फेरसर्वेक्षणात महर्षींनी एकट्याने, सर्वांच्या वतीने, पुन्हा 'पूर्ण समाधानी' सांगितले. आता तर घरात विरोधी मताला जागाच नव्हती. फक्त चहापत्तीचा डबा कुठे असतो, हे विचारायला कोणी नव्हते.

वाचकहो, तुम्हाला हसू आले असेल, कारण तुमच्या घरी असले काही नाही. तिथे सगळे समाधानी आहेत. हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, आणि कोणी दार वाजवले तर तुम्ही तसे सांगालही. सर्वांच्या वतीने.