डावऱ्या ब्रॉटनचा उजवा शिक्का

आर्डिसच्या ओव्हनमध्ये एका वेळी हॉटडिशचे दोनच ट्रे मावतात.

चेंडू टाकताना थॉरवाल्ड ब्रॉटनचा उजवा पाय थेट कानापर्यंत जायचा. कान मुळात मोठे, त्यामुळे पायाचे कष्ट थोडे वाचायचे.

पोस्टमास्तरीण लुएला शिंकतानासुद्धा नियम बघून शिंकते.

'डावा हात गेला' या वाक्याचे दोन अर्थ होतात.

हे सगळं एकाच शनिवारचं आहे. मिनेसोटातल्या नॉर्दल गावच्या बेसबॉल मैदानाला त्या दिवशी पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि आर्डिसच्या नवऱ्याने, एल्डन ब्रॉटनने, गावाला शब्द दिला होता की आपलं नाव टपालाच्या इतिहासात जाणार, तेही एकही चूक न होता.

एल्डन बेसबॉलची टपालतिकिटं जमवतो. नुसती तिकिटं नव्हेत, शिक्केही. कुठल्या मैदानाचं उद्घाटन झालं, कुणाचा विक्रम मोडला, की त्या दिवशीचा त्या गावचा टपालशिक्का त्याला हवा. चाळीस वर्षांत एकोणीस अल्बम झाले. त्याचे वडील थॉरवाल्ड, वय ब्याण्णव, यांनी त्यातला एकही उघडला नव्हता. बेसबॉल हातात धरायची गोष्ट आहे, पाकिटावर चिकटवायची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण मैदानावरचा पहिला सामना सतरा वर्षांच्या थॉरवाल्डनेच डाव्या हाताने जिंकून दिला होता. गावात आजही त्यांना डावऱ्या म्हणतात. तेव्हा वर्धापनदिनाच्या खास शिक्क्यावर चित्र कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. नाव घालायचं नव्हतं. तो पाय आणि ते कान बघून कुणीही ओळखलं असतं. वडिलांनी एकदा, फक्त एकदा, पाकीट हातात घेऊन 'बरं आहे' म्हणावं, एवढंच एल्डनला हवं होतं.

चित्र त्याने स्वतः काढलं. मग विचार केला. रबरी शिक्का उलटा उमटतो, म्हणजे चित्र उलटं पाठवायला हवं! स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर कागद पालथा धरून त्याने ते गिरवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत पाठवून दिलं. मार्चमध्ये नमुना आला. त्यात थॉरवाल्ड उजव्या हाताने चेंडू टाकत होते. 'बरोबर उलटं आहे, उमटेल तेव्हा सुलट होईल,' म्हणत एल्डनने सही केली.

शिक्के बनवणारे चित्र स्वतःच उलटं कोरतात, हे त्याला कळलं शनिवारी सकाळी दहा वाजता. लुएलाने मैदानाच्या फाटकाशी टेबल मांडलं, शाईची डबी उघडली आणि पहिल्या पाकिटावर शिक्का मारला. सुंदर, ठसठशीत, काळाभोर. आणि उजवा.

एल्डनने तिला विनवलं. आजच्या दिवस शिक्का नको मारूस, म्हणाला. ती म्हणाली की जाहीर झालेला शिक्का मागेल त्याला द्यावाच लागतो. मग निदान शाई कमी लाव, म्हणाला. लुएलाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपण होऊन टेबलापासून चार पावलं मागे सरला.

तिथेच त्याला ड्वेन फ्लूग भेटला. ड्वेन तिकिटांच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि सामन्याच्या वेळी ध्वनिक्षेपकावर बोलणाराही तोच. टेबलावरून तो आत्ताच पाकीट घेऊन आला होता आणि चेहरा पडलेला होता. कारण ड्वेनला एक नियम पाठ होता. टपालावर जिवंत माणसाचं चित्र येत नाही. नियम जुना, तोही तिकिटांचा, आणि केव्हाच बदललेला. पण ड्वेनकडची नियमावली त्याच्या लग्नातल्या सुटाइतकी जुनी होती.

"एल्डन, हे चित्र तुझ्या वडिलांचं ना?"

"होतं," एल्डन म्हणाला. "डावा हात गेला, ड्वेन."

"अरे देवा. कधी?"

"मला आत्ता कळलं. सगळं उलटलं बघ. माझीच चूक."

"असं मनाला लावून घेऊ नये. आर्डिसला सांगितलंस?"

"नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

ड्वेनने त्याचा खांदा दाबला. मिनेसोटातला पुरुष दुसऱ्या पुरुषाचा खांदा दाबतो तो फक्त मरणात, हे एल्डनच्या लक्षात यायला हवं होतं. पण तो शाईचा विचार करत होता.

पुढचं काम गावाने केलं. नॉर्दलमध्ये कुणी गेलं की शेजारणी एकही प्रश्न न विचारता हॉटडिश करतात. खाली खिमा, वर बटाट्याच्या गोळ्या, मध्ये डब्यातलं मश्रूमचं सूप. दुपारी एकला आर्डिस सासऱ्यांना वृद्धाश्रमातून आणायला निघाली, तेव्हा ओट्यावर तीन ट्रे होते. वर्धापनदिनाचं जेवण असेल, असं समजून तिने दोन ओव्हनमध्ये ठेवले. तिसरा सासऱ्यांसाठीच सोबत नेला. त्यांनी गाडीतच निम्मा संपवला.

दोनला सामना सुरू व्हायचा होता. एल्डन वरच्या बाकावर लपून बसला होता. एवढ्यात ड्वेनचा दाटलेला आवाज आला. या मैदानावर पहिला चेंडू टाकणारा हात आज शांत झाला आहे, सर्वांनी एक मिनिट उभं राहावं.

चारशे माणसं उभी राहिली. टोप्या उतरल्या. आणि नेमक्या त्याच वेळी आर्डिसचा हात धरून थॉरवाल्ड फाटकातून आत आले. सगळे उभे दिसले, म्हणून त्यांनीही टोपी छातीशी धरली आणि मान खाली घालून उभे राहिले. एक-एक बाक वळून बघू लागला. मोहरी लावलेला एक सॉसेज कुणाच्या तरी हातातून लुएलाच्या टेबलावर पडला.

"कोण गेलं?" थॉरवाल्डनी विचारलं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते संपूर्ण मैदानाला ऐकू गेलं.

ध्वनिक्षेपक खरखरला.

"तुम्हीच," ड्वेन म्हणाला.

थॉरवाल्डनी जरा विचार केला. मग पुरावा मागितला.

एल्डन धावत खाली आला. ड्वेन पाकीट नाचवत नियम सांगत होता, की चित्र आहे म्हणजे माणूस नाही. थॉरवाल्डनी पाकीट घेतलं आणि हात लांब करून धरलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"हा कोण?"

"तुम्ही, बाबा."

"मी डावखुरा."

"हो."

"हा उजवा."

"हो. मी चुकलो. वर्षभर खपलो आणि..."

"म्हणजे हा मी नव्हे," थॉरवाल्ड ड्वेनकडे वळून म्हणाले. "कोण होता बिचारा?"

मैदान हसलं, लुएलासुद्धा. एल्डन तेवढा पाकिटासाठी हात पुढे करून उभा होता. पण थॉरवाल्डनी ते दिलं नाही. त्यांनी त्यातला जाड पुठ्ठा उपसून काढला. पाकीट सरळ राहावं म्हणून घातलेला असतो तो, त्याला कुणी हात लावत नाही. मग पाकीट पालथं करून उन्हात धरलं. कागदातून काळी रेघ उमटली. उजवा पाय कानाशी, चेंडू डाव्या हातात.

"इकडून बघ," ते म्हणाले. "इकडून मी आहे. कान जरा जास्त झालेत."

"तेवढेच आहेत, बाबा."

"असतील. बरं काढलंयस."

मग त्यांनी ते कोरं करकरीत विशेष पाकीट, तिकीट, शिक्का सगळ्यासकट, मधोमध दुमडलं. पुन्हा एकदा दुमडलं. आणि सदऱ्याच्या खिशात कोंबलं. ड्वेनने डोळे मिटून घेतले. घडी पडलेलं पाकीट मंडळात कुणी फुकटसुद्धा घेत नाही. एल्डन ती घडी बघत राहिला आणि त्याला काहीही वाईट वाटलं नाही.

त्यानंतर लुएलाच्या टेबलाशी रांग लागली. प्रत्येक जण पाकीट घ्यायचा, पुठ्ठा फेकायचा आणि उन्हात उलटं धरायचा. सामना पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि नॉर्दल हरलं.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर हॉटडिशचे नऊ ट्रे झाले. माणूस जिवंत आहे म्हणून कुणी आपला ट्रे परत नेत नाही.

फेब्रुवारीत एल्डन खिडकीच्या काचेवर चित्र गिरवत होता, तेव्हा आर्डिसने भांडी विसळता विसळता विचारलं होतं, "ते लोक स्वतःच उलटं करत नसतील का?"